नातू म्हणतो, तुमच्या सीड्यांनी मशीन झिजतं

पत्र : मी चिपळूणचा, निवृत्त शिक्षक. मुलानं २००८ साली पुण्यात नोकरीला असताना पीएस-थ्री, म्हणजे प्लेस्टेशन नावाचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, घेतलं होतं, ते जाडजूड, पाठीला बाक असलेलं. तो आता परदेशी असतो आणि मशीन आमच्याकडे आहे. २०२१च्या पुरात माडीवर होतं म्हणून वाचलं. माझा सीडी प्लेअर खाली होता, तो गेला. तेव्हापासून नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्या सीड्या मी याच मशीनवर ऐकतो. रोज सकाळी दोन तरी होतात. आठवड्यातून एक-दोनदा जुन्या सिनेमाची डीव्हीडी लावतो. लेकीचा मुलगा यंदापासून शिकायला आमच्याकडे आहे, नववीत. तो परवा म्हणाला, ‘आजोबा, तुमच्या सीड्यांनी लेन्स झिजते. हे मशीन गेम खेळायला असतं.’ आमची ही म्हणते, कशाला पोराशी वाद घालता, रेडिओ ऐका. मी गप्प बसलो, पण मनातून जात नाही. गाणं ऐकून यंत्र झिजतं का? झिजत असेल तर मी ऐकणं बंद करीन, पण उगाच नाही.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. ‘पण उगाच नाही’ हे तीन शब्द वाचून मी तुमच्या बाजूला झुकलो होतो. मग विचार केला तेव्हा नातवाच्या बाजूनंही थोडं बोलावं लागेल असं दिसलं. त्यानं दिलेलं कारण चूक आहे. त्याची काळजी मात्र अगदीच बिनबुडाची नाही.

आधी ‘लेन्स झिजते’ हे बघू. तुमच्या पिढीनं ग्रामोफोन पाहिलाय, त्यामुळे झिजणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पोलादी पिन तबकडीच्या खाचेत घासत जायची, एक बाजू वाजली की पिन बदलायची. टेप रेकॉर्डरचं हेडही तसंच, फीत त्याला घासूनच पुढे सरकायची. महिन्या-दोन महिन्यांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसणं हे आमच्या घरी माझं काम होतं. तिथे गाणं ऐकणं म्हणजे काहीतरी झिजवणंच होतं. सीडीत असं काही घासत नाही. लेन्स डिस्कच्या खाली मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर तरंगत असते, प्रकाशाचा एक ठिपका वर टाकते आणि परत आलेला प्रकाश वाचते. काचेतून प्रकाश गेला म्हणून काच झिजत नाही. तसं असतं तर तुमचा चष्मा रोज वर्तमानपत्र वाचून झिजला असता.

मग लोक ‘लेन्स गेली’ म्हणतात ते काय? तो दुकानातला शब्द आहे. त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. कधी लेन्सवर धूळ बसलेली असते. कधी लेन्सच्या मागे प्रकाश देणारा लेझर डायोड मंद झालेला असतो. कधी लेन्स ज्या गाड्यावर बसून आत-बाहेर सरकते, त्या गाड्याचे दाते किंवा दांडा कोरडा पडलेला असतो, नाहीतर डिस्क फिरवणारी मोटर दमलेली असते. यातला डायोड मात्र वापरानं खरंच क्षीण होतो. किती तास पेटला आणि किती गरम जागी पेटला, यावर त्याचं आयुष्य ठरतं. आकडा हजारो तासांचा असतो.

इथे नातवाला एक गोष्ट दाखवा. त्याला ती माहीत नसणार आणि आवडेलही. पीएस-थ्रीमध्ये लेझर एक नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश लागतो. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लागतो आणि ब्लू-रेला, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीतल्या डिस्कला, ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा. त्याचे पीएस-थ्रीचे सगळे गेम ब्लू-रे डिस्कवर येतात. म्हणजे सकाळी तुमचा अभंग चालू असतो तेव्हा त्याच्या गेमचा डायोड विझलेला असतो. डिस्क आत गेल्यावर ती कोणत्या जातीची आहे हे मशीन चाचपतं, त्या दोन-चार सेकंदांपुरती काय ती गडबड. तुमचं गाणं ज्या डायोडवर चालतं, त्याला नातू कधी हातच लावत नाही. यामुळेच काही मशीनवर डीव्हीडी लागत नाही पण गेम छान चालतात, आणि काहींवर बरोबर उलटं होतं. पीएस-टूच्या काळात हे घरोघरी दिसायचं. निळ्या पाठीच्या सीडीवरचे गेम घेईनासे व्हायचे आणि चंदेरी डीव्हीडीवरचे बिनतक्रार चालायचे.

मोटर आणि गाडा मात्र दोघांचे सामाईक. तिथे कोणाचा भार किती ते मोजून बघू. सीडीचं गाणं वाचायला डिस्क आतल्या कडेला असताना मिनिटाला साधारण ५०० फेरे लागतात, बाहेर जाईपर्यंत ते २००वर येतात. डीव्हीडीवरच्या सिनेमाला सुरुवातीला १४०० आणि शेवटी ६००च्या आसपास. पीएस-थ्रीचा ड्राइव्ह ब्लू-रे दुप्पट वेगानं वाचतो, म्हणजे गेमची डिस्क आतल्या कडेला मिनिटाला ३९०० फेऱ्यांच्या जवळपास फिरते. गेम सुरू झाल्यावर जो घोंघाट येतो तो काही उगाच नाही.

आता गाड्याचं. सीडीवरची वाट आतून बाहेर जाणारी एकच लांब सर्पिल रेघ असते. ७४ मिनिटांची सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली तर गाडा एकूण सरकतो ३३ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटांची रुंदी. सव्वा तासात दोन बोटं! देवळात प्रदक्षिणा घालणारी म्हातारी याहून घाईत असते. सिनेमाचंही तसंच, एका दिशेनं संथ जायचं, दोन थरांची डिस्क असेल तर मध्ये एकदा वळायचं. गेममध्ये मात्र खेळाडू दरवाजा उघडतो तेव्हा पुढची खोली डिस्कच्या एका टोकाला असते, आवाज दुसऱ्या टोकाला आणि चित्र मधे कुठेतरी. गाडा सारखा पळत असतो. पीएस-थ्रीचे पुष्कळ गेम थोडाफार भाग हार्ड डिस्कवर उतरवून घेतात, तरी बाकीचं खेळता खेळता डिस्कवरून येत राहतं. एक तास गेम आणि एक तास अभंग यांत ड्राइव्हला जास्त घाम कशानं फुटतो, हे आता नातूच सांगेल.

आणि ‘मशीन गेमसाठी असतं’ हेही अर्धंच खरं. मार्च २०००मध्ये जपानात पीएस-टू बाजारात आलं तेव्हा कित्येकांनी ते घरातला पहिला डीव्हीडी प्लेअर म्हणून घेतलं. २००६च्या अखेरीस पीएस-थ्री आलं तेव्हा नुसता सिनेमा दाखवणारे ब्लू-रे प्लेअर त्याच्याहून महाग होते. सिनेमा दाखवणं हा या मशीनच्या विक्रीचा मोठा मुद्दा होता आणि त्यासाठी कंपनीनं वेगळा रिमोटही काढला होता. १९९४च्या अगदी पहिल्या प्लेस्टेशनची तर गंमतच आहे. त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांना मागे थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडायच्या जागा होत्या आणि आवाजाचे दर्दी लोक आजही ती मॉडेलं शोधून फक्त सीडी ऐकायला वापरतात. त्याच मॉडेलांत लेन्सचा गाडा प्लास्टिकच्या पट्टीवर सरकायचा, शेजारी तापणारा वीजपुरवठा. पट्टी झिजली की गाडा कलायचा. मग पोरं मशीन उलटं करून गेम खेळायची, तसं ते चालायचं! झीज म्हणायची तर ती ही, गाड्याखालच्या प्लास्टिकची.

इथवर तुम्ही जिंकलात. आता नातवाची बाजू.

तुमच्याकडचं मॉडेल जाड आहे, हे पत्रात लिहिलंत ते बरं केलंत, कारण सगळी मेख तिथेच आहे. साधा सीडी प्लेअर गाणं वाजवताना दहा-पंधरा वॉट घेतो. जाड पीएस-थ्रीला ‘आत्ता फक्त अभंग आहे, आपण शांत बसू’ असं कळत नाही. त्याचा मोठा प्रोसेसर आणि चित्राची चिप जागीच असतात, नुसता मेनू पडद्यावर असला तरी शंभर वॉट आणि त्याच्या पुढे वीज जाते. म्हणजे सीडी वाजवताना ड्राइव्ह आरामात असतो, पण बोर्ड, म्हणजे या चिपा जिच्यावर बसवल्यात ती मुख्य पट्टी, तापत असतो. आणि या पिढीची जाड मशीन्स ड्राइव्हपेक्षा बोर्डानं जास्त गेली आहेत. चिपखालचे बारीक सांधे तापतात, निवतात, पुन्हा तापतात, आणि वर्षानुवर्षं तसं होऊन एक दिवस सुटतात. मग चालू केल्यावर हिरव्यानंतर क्षणभर पिवळा दिवा लागतो, तीनदा बीप होतं आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. त्याच काळात स्पर्धक कंपनीच्या मशीनला लाल कड्यांचा आजार होता, बटणाभोवती लाल दिव्यांचं कडं पेटायचं आणि मशीन बंद पडायचं. मायक्रोसॉफ्टनं जुलै २००७मध्ये एक्सबॉक्स ३६०ची त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. हा आजार कोणाच्या सिनेमा बघण्यानं झालेला नव्हता. त्याचं मूळ उष्णतेत होतं.

तुम्ही सकाळी मशीन तापवता, दुपारी ते निवतं, संध्याकाळी नातू पुन्हा तापवतो. म्हणजे रोज एक जास्तीचा फेरा. दोन सीड्या रोज म्हणजे अडीच तास धरा, वर्षाला नऊशे तास होतात. डायोडला ते फार नाहीत. पंधरा वर्षांहून जुन्या बोर्डाला मात्र ते मोजावेच लागतात. विजेचं बिलही आहे, या अडीच तासांचे महिन्याला सात-आठ युनिट होतात आणि साध्या प्लेअरवर जेमतेम एक होईल. ‘आजोबा, सीडीनं लेन्स झिजते’च्या जागी ‘आजोबा, अडीच तास कशाला तापवता’ असं तो म्हणाला असता तर मी इतकं लांब उत्तर लिहिलं नसतं.

कोकणातली म्हणून आणखी काही भीती आहेत, आणि त्या तुमच्या सीड्यांहून मोठ्या आहेत. पावसाळ्यात चार महिने हवा दमट असते. बंद कपाटात पडलेल्या मशीनच्या लेन्सवर ओल धरते, धूळ तिला चिकटते आणि लेन्सवर पापुद्रा तयार होतो. या बाबतीत तुमचं रोजचं गाणं मशीनला उलट बरंच आहे, आतून कोरडं राहतं. डिस्कवर मात्र बुरशी येते, कडेनं आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग. तशी सीडी घातलीत की मशीन पुन्हा पुन्हा वाचायला बघतं, गाडा मागेपुढे करतो, कर्र-कर्र आवाज येतो. तुमच्या ऐकण्यातला ड्राइव्हला खरा त्रास देणारा भाग कुठला असेल तर हा. सीडी आधी मऊ सुती फडक्यानं पुसा, मध्यापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. बुरशी असेल तर पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि पूर्ण वाळवा. वर कागदी लेबल चिकटवलेली घरगुती कॉपी असेल तर ती या मशीनमध्ये कधीच घालू नका. फटीतून डिस्क आत ओढणारे रबरी रूळ असतात, ओल्या हवेत लेबल सुटतं आणि आत गुंडाळून बसतं. एकदा असा गोळा चिमट्यानं काढताना मी दुपारचं जेवण विसरलो होतो.

देवघर कुठे आहे हे पत्रात नाही. मी हे प्रत्येकाला विचारतो. हॉस्टेलवर आमच्या खोलीत पीएस-टू होतं. रविवारी सिनेमा आणि बाकीचे दिवस फुटबॉल, असा बेत. दीड वर्षात ते डिस्क घेईना झालं आणि सगळ्यांनी दोष दिला रविवारच्या सिनेमांना. उघडलं तर लेन्सवर तपकिरी चिकट थर. मशीन ठेवलं होतं ते खोलीतल्या एकमेव फळीवर आणि त्याच फळीवर गणपतीच्या फोटोपुढे रोज दोन उदबत्त्या आणि रात्री डासांची कॉइल. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसलं, आणखी वर्षभर चाललं. तुमच्या घरी मशीन आणि उदबत्ती एका खोलीत असतील तर दोघांमध्ये अंतर ठेवा. झुरळांचंही बघा. त्यांना उबदार अंधार आवडतो आणि जाड पीएस-थ्री म्हणजे त्यांची धर्मशाळा.

आणि लाइट. पावसाळ्यात तुमच्याकडे ती किती वेळा जाते हे मी सांगायला नको. गाणं चालू असताना गेली तर सीडीला काही होत नाही, पण मशीनच्या हार्ड डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर नातवाच्या गेमच्या नोंदी बिघडू शकतात. लहानसा यूपीएस असेल तर उत्तम, नसेल तर विजा चमकायला लागल्या की बटण बंद करून प्लग काढा.

आता तुम्ही काय करायचं. ऐकणं बंद करायचं नाही, हे नक्की. पण मशीन बदलायचं. साधा डीव्हीडी प्लेअर घ्या. नव्या गेमची एक डिस्क आज चार-पाच हजारांना पडते, त्याहून कमीत येतो. त्याचा आणखी एक फायदा आहे. तुमच्या वयाच्या माणसाच्या कपाटात नाटकांच्या व्हीसीड्या असतातच आणि पीएस-थ्रीला व्हीसीडी चालत नाही, साध्या प्लेअरला चालते. यात ‘पोराचं मशीन पोराला’ म्हणून माघार घेतल्याची भावना आणू नका. माझं कारण वेगळं आहे. त्या मशीनच्या ड्राइव्हची सर्किट पट्टी मूळ बोर्डाशी जोडी लावून दिलेली असते. दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह काढून सरळ बसवला तर गेम चालत नाहीत, जुनी पट्टी नव्या ड्राइव्हवर चढवावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे करणारे भेटतील, पण चिपळूणहून खेप मारायची आणि जुने सुटे भाग शोधत फिरायचं, हे दोन-तीन हजारांच्या प्लेअरपायी टळत असेल तर टाळावं.

प्लेअर येईपर्यंत खुशाल ऐका. फक्त सीडी संपल्यावर मशीन तसंच चालू ठेवून परसात जाऊ नका. सेटिंग्जमध्ये काही वेळानं आपोआप बंद होण्याची सोय आहे, नातवाला ती लावून द्यायला सांगा. मागची आणि कडेची जाळी मोकळी ठेवा, वर विणलेला रुमाल घातला असेल तर आजच काढा. गेल्या कित्येक वर्षांत मशीन उघडून आतली धूळ काढली नसेल आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट बदलली नसेल, तर मुलगा सुट्टीत आला की एकदा जाणत्या माणसाकडून करून घ्या. बाजारात ब्रश लावलेली ‘लेन्स क्लीनर’ डिस्क मिळते, ती घेऊ नका. फटीच्या ड्राइव्हमध्ये अडकलेली मी पाहिली आहे.

दुसराही एक मार्ग आहे, तो नातवावर सोपवा. पीएस-थ्री सीडीतली गाणी स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ शकतं. संगीताच्या रकान्यात सीडीवर जायचं, त्रिकोणाचं बटण दाबायचं आणि ‘इम्पोर्ट’ निवडायचं. एका सीडीला साधारण शंभर एमबी जागा धरा. पण मग ऐकायला पुन्हा तेच मशीन तापवावं लागतं, म्हणून मी म्हणेन की संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. बहुतेक नव्या टीव्हींना पेन ड्राइव्ह लागतो. रोज दोन सीड्या उतरवल्या तरी दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ होतील. गायकाचं, रागाचं, नाटकाचं नाव त्याला तुम्ही सांगायचं, टाइप त्यानं करायचं. ‘जोगकंस’ एकदा चुकीचं लिहिलंन् तर दुरुस्त करा, तुमचा हात त्यात बसलेला आहे.

इतर वाचकांपैकी ज्यांच्याकडे पीएस-फोर किंवा पीएस-फाइव्ह आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. त्यात गाण्याची सीडी लागतच नाही, त्यामुळे हा वाद तुमच्या घरी होणार नाही. गेम आधी हार्ड डिस्कवर किंवा आतल्या एसएसडीवर पूर्ण उतरतो आणि डिस्क नंतर फक्त ‘मालक हाच’ एवढं ओळखायला लागते. तेव्हा ड्राइव्ह सलग दोन तास फिरतो तो बहुधा सिनेमाच्या वेळीच. तो वेग मात्र सौम्य असतो, बघा बिनधास्त.

आणि गुरुजी, नातवाला एक विचारून ठेवा. तो गेमच्या डिस्क डबीत ठेवतो, की गादीवर चकचकीत बाजू खाली करून टाकतो?